एका मसुद्याचे परीक्षण

परीक्षणासाठी माझ्याकडे पुस्तके येतात, क्वचित नवोदितांची हस्तलिखितेही येतात. पण गेल्या पावसाळ्यात जे आले तसे यापूर्वी कधी आले नव्हते. चौदा पाने, संगणकावर टाइप केलेली, समासात लेखकाच्या हाताने केलेल्या दुरुस्त्या, आणि शेवटी सहीच्या जागेखाली 'तक्रारदार' हा शब्द. लेखक माझा भाचा. तो बोईसरला राहतो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याची आई, म्हणजे माझी मावसबहीण, २०२४ च्या फेब्रुवारीत गेली. पित्ताशयातील खड्यांसाठी सोमवारी तिचे दुर्बिणीने ऑपरेशन झाले आणि शनिवारी पहाटे ती गेली. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलंत. वकिलाला दाखवण्याआधी जरा भाषा बघून द्या."

भाषा बघून देणे हे माझे काम आहे. तरीही ती पाने मी आठ दिवस उघडली नाहीत. टीकाकाराने तटस्थ असावे, कलाकृतीकडे लेखकाला बाजूला ठेवून पाहावे, हे मी पालघरच्या वर्गांतून इतकी वर्षे सांगत आलो. पण ज्या मजकुराची नायिका लहानपणी मला चिंचणीच्या वाळूत शिंपले वेचायला घेऊन जात असे, त्या मजकुराकडे तटस्थतेने कसे पाहायचे, ते मला कोणी शिकवले नव्हते. नवव्या दिवशी वाचायला बसलो. एका बैठकीत वाचले. आणि वाचून झाल्यावर जे मनात आले ते ऐकून वाचक मला पाषाणहृदयी म्हणतील. पण खोटे कशाला सांगू? माझ्या मनात आले, 'कथा म्हणून हे उत्तम आहे. तक्रार म्हणून निरुपयोगी.'

असे मला का वाटले, ते सांगितले पाहिजे. पहिली तीन पाने आईविषयी आहेत. वाडीतली तिची पहाट, पाण्याची मोटर चालू करायची तिची घाई, नातवाला शाळेत सोडून परत येताना भाजीवालीशी तिची हुज्जत. ही पाने मी कोणत्याही मासिकाला निःसंकोच पाठवीन. चौथ्या पानावर रुग्णालय येते आणि तिथून भाषेचा नूर बदलतो. विशेषणे सुरू होतात. 'निर्दयी' हा शब्द मी मोजला, सात वेळा आला आहे. 'पैशासाठी हपापलेले' तीन वेळा. सर्जनला एके ठिकाणी 'खाटीक' म्हटले आहे. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे वाचकांनी सोसावा), की याच सर्जनला दुसऱ्या पानावर, वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन त्यांनी केले त्या प्रसंगी, भाच्याने 'देवमाणूस' म्हटले आहे. दोन पानांत देवाचा खाटीक झाला. मधल्या माणसाला त्या चौदा पानांत कुठे जागाच मिळाली नाही.

हा दोष एकट्या माझ्या भाच्याचा नाही. आमच्या गद्यात डॉक्टर येतो तो बहुधा असाच येतो. आमच्या कथांतून आणि विशेषतः चित्रपटांतून त्याला एक तर पांढऱ्या कोटातला संत करायचे, नाही तर पैशाचा राक्षस. डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने वैद्यकीय जगाचे आतून दर्शन घडवले म्हणून त्या पुस्तकाने एके काळी खळबळ उडवली. पण वाचकांनी त्यातून उचलला तो पुन्हा राक्षसच. बर्नार्ड शॉने १९०६ मध्ये 'द डॉक्टर्स डिलेमा' लिहिले, पुढे त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली. तिथेही डॉक्टर म्हणजे झोडपण्याची वस्तू आहे, जरी शॉचा खरा रोख व्यक्तीवर नसून माणसाचा पाय कापण्यात पैशाचा लाभ ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. टॉल्स्टॉय एवढाच याला अपवाद वाटतो. इव्हान इलिचचे डॉक्टर ना संत ना राक्षस; ते आपल्या कामात गढलेले, रोग्याच्या प्रश्नाऐवजी आपल्याच प्रश्नाचे उत्तर देणारे, साधे सभ्य गृहस्थ आहेत. म्हणूनच ते भयंकर वाटतात.

मसुद्याविषयी मी एका वकील स्नेह्याशी बोललो. त्यांनी काही न बोलता मला एक निकालपत्र वाचायला दिले. 'साहित्याचा माणूस आहात, वाचा,' एवढेच म्हणाले. ते निकालपत्र म्हणजे डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, २ मे १९६८. वैद्यकीय निष्काळजीपणाचा विषय निघाला की देशभरचे वकील आजही ज्याच्यापासून सुरुवात करतात तो हा खटला आमच्या कोकणात आणि पुण्यात घडला, हे मला ठाऊक नव्हते. लाजेने सांगतो, मी ते निकालपत्र तीनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली.

कथानक सांगतो. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावचा समुद्रकिनारा, सूर्यास्ताची वेळ. वीस वर्षांच्या आनंदला अपघात होतो आणि डाव्या मांडीचे हाड मोडते. किनारा घरापासून दीड मैल. खाट आणून त्याला घरी न्यायला वेळ लागतो. गावचे डॉक्टर रात्री येतात, पायाला फळ्या बांधतात, दुसऱ्या दिवशी पुण्याला न्या म्हणतात. रात्री एक वाजता टॅक्सी निघते. आत आई आहे, गावचे डॉक्टर आहेत, आणि मुलगा रेलून बसवलेला. दोनशे मैल तोडून टॅक्सी ९ मेच्या सकाळी साडेअकराला पुण्यात पोचते. वडील दौंडहून आलेले असतात. ते तिथे वैद्यकीय व्यवसाय करतात. म्हणजे फिर्यादी स्वतः डॉक्टर! दुपारी सव्वादोनला मुलाला डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात दाखल केले जाते. मॉर्फियाची दोन इंजेक्शने एक तासाच्या अंतराने द्यायला सांगितलेली असतात. साहाय्यक एकच देतो. क्ष-किरण चित्रे घेतात, वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात नेतात, पाय प्लास्टरमध्ये घालतात. साडेपाचला मुलगा खोलीत परत येतो. साडेसहाला आईच्या लक्षात येते की त्याला श्वास घ्यायला त्रास होतो आहे, खोकला येतो आहे. धावपळ होते. रात्री नऊला मुलगा जातो. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर कारण लिहितात: रक्तवाहिनीत चरबी अडकणे.

वाद होता तो शस्त्रक्रियागृहातल्या तासाभराचा. डॉक्टरांचे म्हणणे, मुलगा प्रवासाने थकलेला होता म्हणून आपण फक्त पाय हलू नये अशी तात्पुरती व्यवस्था केली. आईवडिलांचे म्हणणे, भूल न देता, एका मॉर्फियाच्या इंजेक्शनावर, तीन माणसांकरवी पाय ओढून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला, त्याचा धक्का बसून मुलगा गेला. खालच्या न्यायालयाने आईवडिलांचे खरे मानले, उच्च न्यायालयाने तेच मानले, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. घटनेपासून शेवटच्या शब्दापर्यंत पंधरा वर्षे. ती माणसे पंधरा वर्षे कशाच्या बळावर उभी राहिली, ते निकालपत्र सांगत नाही, आणि मी तर्क करणार नाही. रकमेच्या लोभाने नव्हे, एवढे मात्र त्या आकड्यावरूनच दिसते.

पेन्सिलीने मी खूण केली ती मात्र यांपैकी कशाजवळही नाही. साडेपाचला मुलगा खोलीत आला, त्यानंतरच्या एका वाक्याजवळ आहे. त्याचा आशय एवढाच, की सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला निघून गेले. आई खोलीत थांबली.

या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. बाप डॉक्टर आहे. तो दुसऱ्या डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवून दौंडची वाट धरतो, आणि साडेतीन तासांनी मुलगा या जगात नसतो. आमचा कोणताही कथाकार इथे थांबला असता. त्याने आगगाडीची शिटी घातली असती, खिडकीबाहेरचा काळोख घातला असता, बापाच्या मनात मुलाचे बालपण घातले असते. न्यायमूर्तींनी काहीच घातले नाही. विशेषण नाही, हळहळ नाही. वडील गेले. आई थांबली. पुढचे वाक्य साडेसहाचे. पण त्या कोरड्या वाक्यात कायद्याला हवे ते सगळे आहे. आश्वासन दिले गेले होते, किती वाजेपर्यंतचे ते ठरले होते, आणि पुढे जे दिसले ते पाहणारी व्यक्ती कोण होती. आणि कायद्याला नको ते, म्हणजे त्या बापाचे पुढचे सगळे आयुष्य, तेही त्यातच आहे. संयमाची महती मी विद्यार्थ्यांना पुष्कळ सांगितली. तिचे असे उदाहरण मला न्यायालयाच्या कागदात मिळावे, ही माझ्या वाचनाची थट्टाच म्हणायची.

या निकालपत्राचा दुसरा गुण म्हणजे त्यातला डॉक्टर. न्यायालय त्याला देव समजत नाही आणि राक्षसही ठरवत नाही. ते म्हणते, रोगी स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना, आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे. किती काळजी? सर्वोच्च कौशल्य नको, अगदी सुमारही चालणार नाही. वाजवी, त्या व्यवसायातल्या साधारण जाणत्या माणसाइतके. हा 'साधारण जाणता माणूस' म्हणजे कायद्याने निर्माण केलेले एक पात्रच आहे आणि मला ते आमच्या कादंबऱ्यांतल्या पुष्कळ डॉक्टरांपेक्षा जिवंत वाटते. इंग्लंडात १९५७ साली बोलम खटल्यात त्याला रूप मिळाले, आपल्याकडे २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा नीट रेखले आणि सांगितले की परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे नव्हे, निर्णयातली चूक म्हणजेही नव्हे; फौजदारी गुन्हा म्हणायचा तर निष्काळजीपणा फार ढोबळ आणि मोठा असावा लागतो. माझ्या भाच्याच्या मसुद्यात पान अकरावर सर्जनला तुरुंगात धाडण्याची मागणी आहे. ती मी खोडली. तो अजून रागावलेला आहे.

आता आमची हकीगत. ती पुराव्यानिशी सांगायची तर फार थोडी उरते. सोमवारी ऑपरेशन. मंगळवारी 'सगळे व्यवस्थित'. बुधवारी रात्री पोटात दुखू लागले. गुरुवारी पोट फुगलेले, अंगात ताप. 'गॅस आहे, सुटेल' असे सांगितले गेले. शुक्रवारी सोनोग्राफी झाली आणि दुपारी घाईघाईने मुंबईला हलवायला सांगितले. बोईसरहून चिल्हार फाटा, तिथून महामार्ग, मनोर, मग वर्सोव्याच्या पुलापाशी वाहनांच्या रांगेत अडकलेली रुग्णवाहिका. गोडबोल्यांच्या टॅक्सीला दोनशे मैल होते, आमच्या गाडीला शंभर किलोमीटर. एकाहत्तर वर्षांत तेवढी प्रगती झाली. २०१४ च्या १ ऑगस्टला आम्ही स्वतंत्र जिल्हा झालो, तारापूरची अणुवीज १९६९ पासून देशाला पुरवतो आहोत. पण माणूस गंभीर झाला की अजून आमच्या घरांतून एकच चर्चा होते, मुंबईला न्यायचे की गुजरातेत वापी-वलसाडला. असो. मुंबईच्या डॉक्टरांनी पोटात पित्त साठल्याचे आणि त्याचे विष अंगभर पसरल्याचे सांगितले. पहाटे ती गेली. शवविच्छेदन करायचे का, असे विचारले तेव्हा घरच्या सर्वांनी, आणि त्यांत मीही होतो, नको म्हटले. तिची आणखी चिरफाड नको, असे मीच म्हणालो होतो. वकील स्नेह्याने हे ऐकले तेव्हा पेन खाली ठेवले.

माझे एक सर्जन मित्र आहेत, निवृत्त, स्पष्टवक्ते. त्यांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "पित्तनलिकेला इजा होणं ही या ऑपरेशनातली माहीत असलेली गुंतागुंत आहे. दर हजारात काहींच्या वाट्याला ती येतेच, चांगल्या हातांतूनही येते. माझ्या हातून दोनदा झाली. त्याला दोष म्हणू नका. प्रश्न बुधवार रात्रीपासून शुक्रवार दुपारपर्यंतचा आहे. नाडी किती होती? किती वेळा मोजली? कोणी मोजली?" मसुद्याच्या चौदा पानांत नाडीचा आकडा एकही नाही.

पण एक वाक्य आहे. नवव्या पानाच्या मध्यावर, दोन शिव्यांच्या मध्ये दडलेले. 'बुधवारी रात्री तीनच्या सुमारास आईने उजवा खांदा दुखतो म्हणून सांगितले, तेव्हा सिस्टरने आखडला असेल म्हणून मलम चोळायला दिले.' मी हे वाक्य सर्जन मित्रांना फोनवर वाचून दाखवले. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले की दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, तो पडद्याखाली राहिला की खांदा दुखतो, पहिले दोन-तीन दिवस हे पुष्कळांना होते आणि आपोआप थांबते. सिस्टर साफ चुकली असे म्हणता येणार नाही. आणि पडद्याखाली पित्त साचले तरी खांदाच दुखतो. कोणते दुखणे आहे ते नाडी, ताप आणि पोटावर ठेवलेला हात सांगतो.

याला म्हणतात आशय! चौदा पानांतली ती एकच ओळ खरी लेखकाची आहे. आई काय म्हणाली, किती वाजता म्हणाली, कोणाला म्हणाली, उत्तर काय मिळाले, एवढे सगळे तिच्यात आहे. तिच्यात द्वेष नाही आणि निष्कर्षही नाही. दोन्ही बाजूंनी तिचा अर्थ लागतो, म्हणूनच तिच्याभोवती खटला उभा राहू शकतो किंवा पडू शकतो. आणि लेखकाने तीच ओळ विशेषणांच्या ढिगाखाली पुरली, कारण त्याला ती पुरेशी संतप्त वाटली नसावी.

सगळ्याच कहाण्यांना असे दुहेरी अर्थ नसतात. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाईंची प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे पोट पुन्हा उघडावे लागले तेव्हा आत टॉवेल सापडला. त्याच महिन्यात त्या गेल्या. तिथे वस्तूच बोलते, साक्षीदाराने गप्प राहिले तरी चालते. तरीसुद्धा अच्युतराव खोडवा यांना खालच्या न्यायालयाने दिलेले ३६,००० रुपये उच्च न्यायालयाने नाकारले, आणि ते परत मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टॉवेल आत राहिला हे ठरले, मग नेमका कोणाच्या हातून राहिला ते शोधत बसण्याची गरज नाही. नोकरांच्या चुकीला सरकार जबाबदार आहे. मला तो खटला आठवतो तो दुसऱ्याच कारणाने. १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये त्यातून बाहेर राहिली. म्हणजे माझ्या भाच्याने ऐंशी हजार रुपये भरले म्हणून त्याला ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. जव्हार-मोखाड्याहून सरकारी दवाखान्यात आणलेली बाई गेली तर तिच्या माणसांना तो नाही, त्यांनी खोडवांसारखा दिवाणी दावा लावायचा किंवा उच्च न्यायालय गाठायचे. त्यांचे मसुदे माझ्याकडे भाषा बघायला येत नाहीत. ते लिहिलेच जात नाहीत.

पुन्हा आमच्या मसुद्याकडे येतो, कारण त्यात मला सर्वांत उशिरा दिसलेली गोष्ट अजून सांगायची आहे. टीकाकाराने लिहिलेले वाचावे, हे खरे. पण गाळलेलेही वाचावे. निकालपत्राच्या सवयीने मी भाच्याच्या मजकुराचे वेळापत्रक मांडायला बसलो: सोमवार सकाळ, सोमवार रात्र, असे करत. बुधवार संध्याकाळी सहापर्यंत सगळे प्रथमपुरुषी आहे. मी गेलो, मी विचारले, मी फळे नेली. गुरुवार सकाळी आठपासून पुन्हा प्रथमपुरुषी. मधल्या चौदा तासांत 'मी' नाही. खांदा दुखल्याचे ते वाक्य त्या चौदा तासांतले आहे, आणि ते त्याला सांगितले त्याच्या बायकोने. ती सासूजवळ थांबली होती.

तो कुठे होता, ते मला माहीत होते. रात्रपाळीला.

आता ती पाने मला निराळी दिसू लागली. सात वेळा आलेला 'निर्दयी' मी पुन्हा वाचला. हा शब्द कोणाला उद्देशून आहे? पाळी बदलून मिळाली असती का, एक दिवसाची रजा टाकली असती तर काय झाले असते, हे प्रश्न त्याने कोणाला विचारले नसतील. पण त्या प्रश्नांची धग चौदा पानांना लागली आहे. सर्जन दोषी आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. असेलही. परंतु या गद्यातला ताप सर्जनपासून निघालेला नाही.

हे त्याला सांगावे की नाही? टीकाकार म्हणून सांगायला हवे होते. मामा म्हणून धीर होईना. शेवटी एका रविवारी तो केळव्याला माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला काहीच समजावले नाही. गोडबोले खटल्यातले ते वाक्य मराठीत सांगितले. सातपर्यंत अंमल उतरेल असे आश्वासन दिले गेले, वडील दौंडला गेले, आई थांबली.

तो म्हणाला, "वडील डॉक्टर होते?"

"होते."

"आणि तरी गेले?"

"त्यांना सांगितलं होतं, सगळं ठीक आहे. तुला काय सांगितलं होतं बुधवारी?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर सुरूच्या झाडांत वारा होता. मग म्हणाला, "साडेसहाला राउंडला आले होते. मी विचारलं, मामा, मी खरंच विचारलं, की मी कामावर जाऊ का, थांबायला हवं का. ते म्हणाले, खुशाल जा, उद्या सकाळी घरी सोडू."

"हे लिहिलं नाहीस."

"कसं लिहायचं? लोक म्हणतील, आईला टाकून गेला."

मी त्याच्यापुढे वही सरकवली. त्याने जे लिहिले ते मी सुधारले नाही, फक्त वेळ आणि वार बरोबर आहेत ना ते विचारले. कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य किती मोलाचे आहे हे मला तेव्हा पुरते कळलेही नव्हते. वकील स्नेह्याने नंतर सांगितले, की गुरुवारी सकाळी घरी सोडण्याचा बेत होता हे सिद्ध झाले, तर रात्रीच्या तक्रारीनंतर तो बेत का बदलला आणि बदलताना काय तपासले, हे रुग्णालयाला सांगावे लागेल.

मसुदा आता पाच पानांचा झाला आहे. वाडीतली पहाट मी काढली. ती काढताना मला फार जड गेले, ती पाने मी जपून ठेवली आहेत. 'देवमाणूस' काढला, 'खाटीक' काढला. सर्जनचा उल्लेख आता 'सामनेवाले क्र. २' असा आहे. तक्रार दाखल करायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. कायद्याने दिलेली दोन वर्षे येत्या फेब्रुवारीत संपतात. भाच्याची बायको म्हणते करू नका, आई काही परत येणार नाही. आणि तिचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. भाचा म्हणतो, आधी कागद बघू. २००२ च्या नियमांप्रमाणे केसपेपर मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यावे लागतात आणि तीन वर्षे सांभाळावे लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने लेखी अर्ज दिला, पोच घेतली. अर्जात एकच वाक्य होते आणि ते त्याचे त्यानेच लिहिले होते. बुधवार रात्री आठ ते गुरुवार सकाळी आठ या वेळेतील परिचारिकांच्या सर्व नोंदी, नाडी, ताप आणि रक्तदाबाच्या तक्त्यासह, मिळाव्यात.

हा लेख छपाईला देताना त्या नोंदी हाती आल्या आहेत. पानांच्या झेरॉक्स पुसट आहेत. रात्री बारापर्यंत दर चार तासांनी नाडी लिहिलेली आहे. तीन वाजताच्या रकान्यात 'खांदा दुखतो, मलम दिले' एवढी नोंद आहे; अक्षर सुवाच्य आहे. नाडीचा रकाना तिथे रिकामा आहे. चार वाजता ११२. सहा वाजता ११८. त्या आकड्यांच्या पुढे डॉक्टरांना कळवल्याची खूण करायची जागा आहे. माझा चष्मा जुना झाला आहे, म्हणून मी ते पान सर्जन मित्रांकडे पाठवले आहे. तिथे खूण आहे की झेरॉक्सचा डाग, ते त्यांनी मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही म्हणून कळवले. भाचा सोमवारी मूळ कागद पाहायला जाणार आहे. त्या दिवशी त्याची दुपारपाळी आहे. त्याने ती बदलून घेतली आहे.